पद्मिनीचं अंतःपुर

इतिहासकारांचं आणि माझं एका बाबतीत पटत नाही. मोटारीचा इतिहास लिहायचा म्हटलं की ते आधी बॉनेट उघडतात. इंजिन किती सीसीचं, अश्वशक्ती किती, गिअर किती, सगळं तपशीलवार. पण माणूस काही बॉनेटखाली बसत नाही. तो सीटवर बसतो. म्हणून मोटारीचा खरा इतिहास सीटवर शोधावा, असं माझं नम्र मत आहे. हे मत मला ग्रंथ वाचून झालेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या प्रीमियर पद्मिनीचं आतलं अंग घरच्या घरी नवं करायला घेतलं, तेव्हा झालं.

मी बँकेत कारकून. स्टेपलरपेक्षा अवघड यंत्र माझ्या हाती कधी कुणी दिलेलं नाही. तरी मी या भानगडीत पडलो, कारण कुशनवाल्याने सांगितलेला आकडा. तो ऐकून मी विचारलं, "यात नवं इंजिनही आलं का?" तो म्हणाला, "नाही साहेब. ही फक्त पुढची सीट."

ही गाडी आणि मी एकाच वर्षीचे, 1981 चे. इतकंच नव्हे, एकाच महिन्यात घरी आलो. तेव्हा वाटलेले पेढे नक्की कुणाचे, याबद्दल घरात अजून दुमत आहे. आई माझे म्हणते. पण अण्णांनी गाडीसाठी नाव नोंदवलं होतं 1974 साली, आणि माझ्यासाठी त्यांनी सात वर्षं वाट पाहिलेली नव्हती. 2021 साली केंद्र सरकारने नियम केला की पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीलाच 'विंटेज' म्हणायचं. म्हणजे सध्या आम्ही दोघंही विंटेज नाही. नुसते जुने.

सोलापूरकराच्या घरी पद्मिनी असणं हा एका अर्थाने गावचा अभिमान. वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, जन्म 1882 चा. त्यांनी जहाजं काढली, 1940 साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या. मग इटलीच्या फियाटशी करार होऊन 'अकराशे' आली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. सात-सात वर्षं वाट पाहून घेतलेल्या वस्तूला डुक्कर म्हणायला मराठी माणसाचंच काळीज लागतं. पुढे फियाटचं नाव गेलं, गाडी काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि मग चितोडच्या राणीचं नाव लावून 'पद्मिनी'. डुकरापासून राणीपर्यंतची ही प्रगती वीस वर्षांतली. आमच्या बँकेत तेवढ्या काळात कारकुनाचा हेडकारकून होतो.

असो. एका रविवारी मी सीट अंगणात काढली आणि उत्खननाला बसलो.

सगळ्यात वर माझ्या लग्नाच्या वेळचं मखमली कव्हर. त्याला 2008 सालच्या अक्षता चिकटलेल्या. त्याखाली सोलापुरी चादर, मोराची. सोलापुरात चादर अंगावर कमी आणि सीटवर जास्त वापरतात. तिच्याखाली टॉवेल, तोही सोलापुरीच. टॉवेलखाली कारखान्यातून आलेलं, पिवळं पडलेलं मूळ प्लॅस्टिक. आणि प्लॅस्टिकखाली मूळ रेक्झिन. त्याच्यावर एक डाग नव्हता, की एक ओरखडा नव्हता. चव्वेचाळीस वर्षांत त्या रेक्झिनला मनुष्याचा स्पर्श झालेला नव्हता!

अण्णांचं म्हणणं असे, "सीट चांगली राहिली पाहिजे." कशासाठी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही गिअर स्टिअरिंगला असल्याचा फायदा घेऊन पुढच्या सलग सीटवर चौघं कोंबून पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर करायचो. घामाने प्लॅस्टिक चिकटायचं, म्हणून टॉवेल आला. टॉवेल मळायचा, म्हणून चादर आली. रेक्झिन मात्र खाली सुरक्षित होतं, लॉकरमधल्या दागिन्यासारखं.

मी आनंदाने हाका मारल्या. आई आली, बायको आली. मी म्हटलं, "बघा, कोरी करकरीत!" आणि सीटवर हात दाबला. कडकड आवाज झाला. पापड मोडावा तसं रेक्झिन मोडलं.

आता थोडं रेक्झिनबद्दल. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीचं व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचं तेल आणि रंग यांचा लेप द्यायचा आणि वर चामड्याची नक्षी उठवायची. हे सेल्युलोज नायट्रेट स्फोटक कापसाचं सख्खं नातेवाईक. म्हणजे एकेकाळी साहेब दारूगोळ्याच्या भावकीवर बसून सिगार ओढत होता. पुढे नायट्रेट जाऊन पीव्हीसी आलं. नाव तेच राहिलं, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप 'डालडा'च. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्यात तेलकट पदार्थ मिसळून त्याला मऊ करतात. तो पदार्थ उन्हाने हळूहळू निघून जातो आणि मागे उरतो तो पापड. सोलापूरच्या चव्वेचाळीस उन्हाळ्यांनी, बंद गाडीत, हे काम चोख केलं होतं. आम्ही झिजू दिलं नाही, म्हणून ते न झिजताच गेलं.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना सांगत होते मी. एकदा तरी बसून बघू या म्हणून."

त्यानंतर माझ्या हाताला जोर आला. नवं रेक्झिन आणलं. दारांच्या आतल्या हार्डबोर्डमध्ये काचेच्या फटीतून पाणी मुरून तो फुगला होता, तोही नवा कापला. डिंकाचं एक शास्त्र आहे. सिंथेटिक रबराचा डिंक दोन्ही बाजूंना लावायचा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा टेकवलं की माघार नाही. विवाहसंस्थेचं याहून सुटसुटीत वर्णन मी वाचलेलं नाही. मी डिंक लावला, थांबलो, दाबलं. दोन्ही दारांचे तक्ते सुरेख झाले. लावायला गेलो तर दोन्ही डावे! एकाच तक्त्यावरून, एकाच बाजूने आखून दोन्ही कापले होते. बी.कॉम. झालेल्या माणसाने दोन्ही बाजूंना नावेच टाकले आणि जमेला काही नाही! तिसरा तक्ता कापेपर्यंत बायको एवढंच म्हणाली, "अहो, बँकेत तुमचा हिशेब कोण तपासतं?"

सीटला मात्र मी कुशनवाल्यालाच शरण गेलो. त्याने स्प्रिंगांवर नवं गोणपाट घातलं, फोम बसवला, कडेने पायपिंग शिवलं. सीट घरी आली तेव्हा बायकोने जाहीर केलं, "या खेपेला कव्हर घालायचं नाही."

पहिला मान आईचा. तिने सीटवरून हात फिरवला, पदर सावरला आणि बसली. जरा वेळाने म्हणाली, "मऊ आहे रे." मग उगाच समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिली. अण्णांची जागा तिच्या उजव्या हाताला. तिथे माझा मुलगा चप्पल घालून धाडकन चढला.

"पाय खाली घे!" मी ओरडलो. "सीट नवी आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आवाज हुबेहूब अण्णांचा होता. आधी आई हसली.

गाडी आता कव्हराशिवाय चालते. मुलगा सीटवर बिस्किटं खातो, मी दुसरीकडे बघतो. ते पिवळं प्लॅस्टिक तेवढं घडी करून माळ्यावर ठेवलंय. अजून कुठे फाटलेलं नाही हो. टाकवत नाही.