रक्त, रजिस्टर आणि गोळी

मालेगावात इतिहास शिकविताना मला दर वर्षी एका समजुतीशी झगडावे लागते. गुन्हा रक्तातच असतो, एकदा गुन्हेगार तो कायमचा गुन्हेगार, ही ती समजूत. ती मुलांनी शोधून काढलेली नाही. जातिव्यवस्थेने तिची जमीन नांगरून ठेवली होती. इंग्रजांनी १८७१ साली तिचा कायदा केला.

गुन्हेगार जमातींचा हा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. माणसाने काही करण्याआधीच त्याच्या जमातीचे नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढे. हजेरी आणि सोलापूरसारख्या ठिकाणची सेटलमेंट हे त्याचे जग झाले. मात्र याच राज्यकर्त्यांनी १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला होता, आणि १८६० च्या दंडसंहितेच्या ८४ व्या कलमात, वेडाच्या भरात आपण काय करतो हे ज्याला कळत नाही तो अपराधी नव्हे, असे मान्य केले होते. म्हणजे मन आजारी पडते हे कायद्याला ठाऊक होते. औषध मात्र नव्हते. कोंडून ठेवणे हाच मुख्य इलाज होता.

१९५२ साली दोन गोष्टी घडल्या. ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दिले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन त्याचा गुण जगापुढे मांडला. आपल्याकडे सर्पगंधेच्या अशाच उपयोगाविषयी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. रक्ताचा सिद्धांत कायद्यातून गेला आणि आजाराला औषध मिळाले. पण पुढे काय झाले? १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. रजिस्टर नव्या नावाने जिवंत राहिले; गोळी तितक्या तत्परतेने कोणी पोचविली नाही.

येथे घोटाळा होऊ नये. विमुक्त जमाती वेड्या नव्हत्या, आणि बहुसंख्य मनोरुग्ण कधीही गुन्हा करीत नाहीत. मी बोलतो आहे तो आजाराच्या भरात गुन्हा करून शिक्षा भोगणाऱ्या आणि सुटून पुन्हा रस्त्यावर येणाऱ्या माणसाविषयी. १९६८ साली मुंबईत पकडलेला रामन राघव यापूर्वीही तुरुंगात जाऊन आलेला होता. त्याचा स्किझोफ्रेनिया न्यायालयापुढे आला तो अनेकांचे जीव गेल्यावर. फाशीची जन्मठेप झाली. १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. ठार झालेले लोक कोण होते? फुटपाथवर आणि झोपड्यांत निजणारे. उपचार न झालेल्या आजाराची किंमतही गोरगरिबांनीच मोजली.

औषधाने काय होते? स्वीडनमध्ये तुरुंगातून सुटलेल्या २२,२७५ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाच माणसाचा औषध चालू असतानाचा आणि बंद असतानाचा काळ त्यात ताडून पाहिला. मनोविकारावरील ही औषधे चालू असताना हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. माणूस तोच, रक्त तेच, मग गुन्हा रक्तात कसा? एवढ्या एका अभ्यासाने सारे सिद्ध होत नाही, हे खरे. शिवाय या औषधांनी हात थरथरतात, अंग ताठरते, झोप येते. रात्रपाळीत यंत्रमागावर उभ्या असलेल्या मजुराला ही झोप परवडत नाही. म्हणून तो गोळी सोडतो. हा त्याचा हट्ट नव्हे, पोटाचा हिशेब आहे. डोस ठरविताना डॉक्टरने त्याचे काम विचारले पाहिजे.

महाराष्ट्रातली चार जुनी मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. मालेगावहून नाशिकरोडचा तुरुंग शंभर किलोमीटर आहे, येरवडा तीनशे. तुरुंग जवळ आणि दवाखाना लांब, हा भूगोल आपोआप झालेला नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरविला असून दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो मोफत आहे. तेव्हा मागणी दयेची नाही. सुटणाऱ्या आजारी कैद्याच्या हातात सुटकेच्या कागदाबरोबर महिन्याची औषधे आणि गावाजवळच्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी असली पाहिजे. पोलीस त्याची हजेरी घ्यायला वेशीपर्यंत येतात. दीडशे वर्षे येत आहेत. आरोग्य खात्यालाही ती वाट सापडली पाहिजे.