उभ्या मोटारीचा विमा आणि १९४० ची रेघ (थ्रेड)

२६ जुलै २००५. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी मुंबईत रस्त्यावरच्या मोटारी बुडाल्या, तशाच गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली महिनोन्महिने उभ्या असलेल्याही बुडाल्या. भारतातील मोटारविम्याचा पाया मात्र धावत्या गाडीचा विचार करून घातला गेला होता.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील आठवे प्रकरण १ जुलै १९४६ रोजी लागू झाले आणि तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला. नमुना ब्रिटनच्या १९३० च्या कायद्याचा. सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे, तर त्यापासून इतरांना होणाऱ्या इजेची हमी आधी द्यावी, हे त्याचे सूत्र १९८८ च्या कायद्यातील कलम १४६ मध्येही कायम राहिले. मालकाच्या स्वतःच्या गाडीचे काय? त्याचे उत्तर कायद्यात नाही, दरपत्रकात शोधावे लागते.

१ जुलै २००२ पासून लागू झालेले ‘इंडिया मोटर टॅरिफ’ हा रुक्ष दस्तऐवज म्हणूनच वाचनीय ठरतो. मोटार म्हणजे दरवर्षी झिजणारी वस्तू, हे त्यातले गृहीतक. पहिल्या सहा महिन्यांतच किमतीतून ५ टक्के वजा, चौथे वर्ष सरल्यावर ५० टक्के. पाच वर्षांनंतर मालक आणि कंपनी यांनी आपसांत किंमत ठरवावी. दुरुस्तीचा दावा आला की सुट्या भागांवरही घसारा. रबर आणि प्लास्टिकच्या भागांना तर थेट ५० टक्के. जो भाग बाजारात मिळतच नाही, त्याचा घसारा कशावर काढायचा?

याच दस्तऐवजात दोन खिडक्या मात्र उघड्या होत्या. पहिली, ‘ले-अप’. गाडी काही काळ गॅरेजमध्येच राहणार असे कळवले, तर त्या मुदतीत अपघाताचे संरक्षण थांबते. आग, चोरी, दंगल, वादळ, पूर यांचे संरक्षण चालू राहते. उभ्या गाडीचे खरे शत्रू कोण, हे तेथे अचूक ओळखले गेले.

दुसरी खिडकी व्हिंटेज मोटारींची. मोटार ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली असावी आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने तसे प्रमाणित केलेले असावे. मग स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २५ टक्के सूट. त्याहून मोलाचे म्हणजे ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी: गाडी पूर्ण नष्ट झाली, तर आधी ठरलेली रक्कम घसारा न लावता मिळे. ही मुभा केवळ याच मोटारींना होती.

रेघ १९४० वर आखली गेली आणि तेथेच राहिली. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आत आल्या. १९६० च्या दशकात कुर्ल्यात बनलेली आजोबांची फियाट ११०० बाहेर राहिली. दारात रोजच्या दोन गाड्या असलेल्या घरात ती तिसरी. वर्षभरात क्वचित निघणारी, पण विमापत्रात निव्वळ ‘जुनी’. २००७ च्या प्रारंभी दर मुक्त झाले, तरी पॉलिसीची भाषा पुढे कित्येक वर्षे त्याच दरपत्रकाची होती.

१५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’ची निराळी व्याख्या केली: पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, चासी, सांगाडा आणि इंजिन न बदललेली गाडी. म्हणजे रेघ आता काळाबरोबर पुढे सरकते. (पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवलेल्या गाड्या अर्थातच बाद.) नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. १ जून २०२२ पासून अशा नोंदणीच्या खासगी मोटारीला तृतीय पक्षाचा प्रीमियम निम्मा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये विमा नियामकाने वापरानुसार प्रीमियम आणि एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित ‘फ्लोटर’ यांना परवानगी दिली, तीही स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरतीच.

१९६५ ची फियाट आता व्हिंटेज ठरू शकते. मात्र त्या नोंदणीनंतर तिने रस्त्यावर यायचे ते प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन किंवा देखभाल यांसाठीच. दिवाळीत आजीला देवळात न्यायचे असेल, तर रोजचीच गाडी काढावी लागते.