झरीहून माळशेज घाट: पावसाळी सहलीचा बेत कसा आखायचा?

जुलै उजाडला की मोबाइलवर एकच दृश्य फिरू लागतं: धुक्यात हरवलेला घाट, कड्यावरून थेट रस्त्यावर कोसळणारं पाणी आणि त्याखाली भिजणारी मंडळी. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत तेव्हा बहुतेक घरांत वेगळाच विषय चालू असतो. उघडीप लांबली तर सोयाबीन तग धरेल का, किंवा पाऊस हटेना म्हणून वाफसा कधी होईल आणि कोळपं कधी धरता येईल.

तरीही माळशेज इथल्या लोकांना वाटतो तितका परका नाही. परभणी शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ थेट त्याच घाटात जातो. हाच जुना २२२ क्रमांकाचा कल्याण-निर्मल महामार्ग. मानवत, पाथरी, ढालेगावजवळ गोदावरी, मग माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, ओतूर आणि पुढे घाट. परभणीपासून अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. रस्ता एकच आहे. मात्र त्याच्या दोन टोकांचा पाऊस अगदी वेगळा आहे, आणि सहलीचा बेत बहुतेक वेळा चुकतो तो इथेच.

६५ मिलिमीटरचा अर्थ

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी. झरी मंडळात असा पाऊस पडला तर दुसऱ्या दिवसापासून पंचनाम्याची चर्चा सुरू होते. घाटमाथ्यावर जुलैत एवढा पाऊस पडला तर कुणी दखलही घेत नाही.

याचं कारण सह्याद्रीच्या उभ्या भिंतीत आहे. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे ढग कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. कडा ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली वाईला जेमतेम सातशे, हे उदाहरण शाळेच्या भूगोलातही असतं. माळशेजच्या बाबतीतही तेच घडतं. ओतूरला रिमझिम असते आणि तासाभराच्या अंतरावर घाटात समोरची गाडी दिसत नाही.

म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना "जुन्नर" किंवा "पुणे" एवढंच पाहून भागत नाही. हवामान विभाग पुणे जिल्ह्याच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतो, तो पाहावा. माळशेज पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर असल्याने ठाण्याचा इशाराही पाहावा. २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. ऑरेंज अलर्ट असेल तर घाटात उतरायचं नाही, आणि रेड अलर्ट असेल तर झरीतून निघायचंच नाही. गाडीचं भाडं ठरवतानाच "इशारा आला तर तारीख बदलू" असं बोलून ठेवलं की ऐनवेळी वाद होत नाही.

तारीख कोणती धरायची?

धबधबे सर्वांत मोठे दिसतात ते जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. दरडी कोसळण्याचा धोका आणि कल्याण-मुंबई-पुण्याची गर्दीही तेव्हाच सर्वाधिक. माळशेजच्या दक्षिणेला, शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं ती तारीख होती ३० जुलै २०१४. त्यात १५१ माणसं गेली.

झरीहून जाणाऱ्यांसाठी ऑगस्टचा उत्तरार्ध अधिक सोयीचा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ चालतो, डोंगर हिरवे असतात, धुकं अधूनमधून उघडतं आणि दरी दिसते. शेतीच्या हिशेबातही ते बसतं. जूनची पेरणी, नंतरची निंदणी-कोळपणी आटोपलेली असते आणि सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात येते. मूग-उडीद असेल तर मात्र त्याची तोडणी आधी पाहावी. पोळाही याच सुमारास येतो, आणि बैल असलेल्या घरात त्या दिवशी सहलीचा विषय काढायची सोय नसते. १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी टाळावी, जमलं तर मंगळवार ते गुरुवार गाठावा.

ही निवड करताना एक तडजोड मान्य करावी लागते. माळशेजचे धबधबे धरणावर किंवा मोठ्या नदीवर अवलंबून नाहीत. वरच्या पठारावर पाऊस पडला की ते सुरू होतात, थांबला की ओसरतात. तीन-चार दिवस उघडीप राहिली तर रीलमधला भला मोठा धबधबा प्रत्यक्षात पाण्याची बारीक रेघ असतो.

मुक्काम घाटात नको, पठारावर हवा

झरीहून पहाटे पाचला निघालं तरी चहा-जेवणाचे थांबे धरून ओतूर गाठायला दुपार उलटते. एवढा प्रवास झाल्यावर त्याच दिवशी घाटात जायचा मोह आवरावा. दमलेला चालक, धुकं आणि संध्याकाळ एकत्र येणं बरं नाही. ओतूर किंवा जुन्नरला मुक्काम करावा. वडीलधारी माणसं सोबत असतील तर ओझर उत्तम. अष्टविनायकातल्या विघ्नहराचं दर्शन होतं, भक्तनिवासात राहण्याची सोय होते, आणि "नुसतं पाणी बघायला एवढ्या लांब कशाला?" हा घरातला प्रश्नही परस्पर सुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट. ओतूरच्या पुढे पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय लागतो आणि मग रस्ता कड्याकडे जातो. घाटात दिवे लावून, हळू, एका रांगेत चालावं. धुक्यात हाय बीम लावला तर पांढरी भिंतच समोर उभी राहते, त्यामुळे दिवे लो बीमवर ठेवावेत. दुपारी दोन-तीनच्या आत घाटातून परत पठारावर यावं.

बस किंवा रेल्वेनेही जाता येतं. परभणीहून अहिल्यानगर गाठून कल्याणकडे जाणारी एसटी धरली तर ती माळशेजमधूनच जाते. दुसरा मार्ग म्हणजे परभणीहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी कल्याणला उतरायचं आणि मुरबाडमार्गे एसटीने घाट चढायचा.

रस्त्यावरच्या धबधब्याखाली उभं राहावं का?

नाही. लोक उभे राहतात हे खरं, पण वरून येणाऱ्या पाण्यासोबत सुटलेले दगडही येतात. ज्या कड्यावरून पाणी पडतं तो रस्त्यासाठी फोडलेला आहे आणि पावसाने भिजून सैल झालेला आहे. गाडीही अशा कड्याखाली थांबवू नये, रुंद जागा किंवा अधिकृत थांबा पाहून थांबावं.

ओढ्यात उतरण्याचा धोका वेगळा आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला आहे. खालच्या ओढ्याला पूर येण्यासाठी खाली पाऊस असावा लागत नाही, वर दोन-चार किलोमीटरवर पडलेली एक सर पुरते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज वाढणं ही त्याची लक्षणं. यातलं एक जरी दिसलं तरी तिथूनच काठावर यायचं, सामान घ्यायला पलीकडे जायचं नाही. गोदावरीचा पूर पाहिलेल्या माणसाला पाणी हळूहळू चढताना पाहायची सवय असते. डोंगरातलं पाणी तेवढा वेळ देत नाही.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर पाण्यात उतरण्यास मनाई करणारे आदेश काढतात, कधी ठिकाणच बंद करतात. निघण्याआधी ताजी बातमी पाहून घ्यावी.

तिसरा दिवस: नाणेघाट

हाताशी आणखी एक दिवस असेल तर जुन्नरहून नाणेघाटाला जावं. वारा जोरात असेल तेव्हा इथे कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं, त्यालाच उलटा धबधबा म्हणतात. पण मराठवाड्याच्या माणसाला इथे त्याहून मोठी गोष्ट सापडते. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपलं गोदाकाठचं पैठण. तिथला व्यापारी माल याच घाटाने कोकणातल्या बंदरांकडे उतरत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि बाहेर दगडी रांजण, जो जकातीचा असल्याचं सांगतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्याहून इथवर बैलांचे तांडे येत होते. कड्याच्या टोकाशी मात्र जाऊ नये, पाणी उलटं फेकणारा वारा माणसालाही ढकलतो.

परतीआधी घरचा पाऊस पाहा

ऑगस्ट-सप्टेंबरात जायकवाडीतून विसर्ग सुरू झाला की गोदावरी फुगते, आणि परतीच्या वाटेवर ढालेगावजवळ तीच ओलांडायची असते. सप्टेंबर २०२४च्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडाभर महापूर आला. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री घाटाच्या इशाऱ्यासोबत जायकवाडीच्या विसर्गाची बातमी आणि गावाकडचा एक फोन, एवढं आवश्यक.

एकच दिवस असेल तर

तेव्हा पश्चिमेऐवजी पूर्वेला निघावं. हाच महामार्ग ६१ नांदेडवरून भोकरला जातो, तिथून हिमायतनगरमार्गे इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. नांदेडपासून तो शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचं रेल्वे स्थानकही आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. हा नदीवरचा धबधबा असल्याने दोन दिवस पाऊस नसला तरी तो आटत नाही. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे, त्यातून पाणी सोडलं असेल तर काळ्या खडकांवर उतरायचं नाही, काठावरूनच पाहायचं.