फेरीबोटीचा हिशेब : विधिमंडळ समित्या नेमके काय विचारू शकतात?

दिवाडी बेटाला आजही पूल नाही. जुने गोवे, सां पेद्रू आणि नार्वे या तीन बाजूंनी ये-जा करणाऱ्या फेरीबोटी हाच बेटावरील रहिवाशांचा रस्ता. शाळा, इस्पितळ, बाजार, कचेरी, कुठेही जायचे तर पाणी ओलांडल्यावाचून सुटका नाही. रस्त्याला खड्डा पडला तर त्याला वळसा घालून पुढे जाता येते. फेरीबोट बंद पडली की रस्ताच नाहीसा होतो. ऑगस्टमध्ये बोंदेरांच्या दिवशी हजारो पाहुणे बेटावर उतरतात तेव्हा बाहेरच्यांनाही याची कल्पना येते. रहिवासी मात्र वर्षभर हेच अनुभवत असतात.

गोव्यात ही सेवा नदी परिवहन खाते चालवते. बोटींची नोंदणी व तपासणी बंदर कप्तान खात्याकडे आहे. दोन्ही खाती एकाच सरकारची. चालवणाराही सरकार आणि तपासणाराही सरकार, अशी रचना असते तेथे तिसऱ्या नजरेची गरज भासते. ती विधिमंडळाची असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ही नजर सभागृहातील गदारोळात नव्हे, तर समित्यांच्या बंद दारांआडच्या बैठकांत काम करते. त्यामुळेच तिच्याविषयी सर्वसामान्यांना फारशी माहिती नसते.

प्रथम अधिकार कोणाचा ते पाहू. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्य सूचीच्या १३व्या नोंदीत रस्ते आणि पूल यांच्या जोडीला फेरींचा नावानिशी उल्लेख आहे. यांत्रिक नौकांची अंतर्गत जलमार्गांवरील वाहतूक समवर्ती सूचीत (नोंद ३२) येते, तर संसदेने कायद्याने राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेल्या जलमार्गांवरील अशी वाहतूक केंद्र सूचीत (नोंद २४). २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्गांना हा दर्जा दिला. त्यांत कुंभारजुवे कालवा क्रमांक २७, मांडवी ६८ आणि झुवारी १११ वर आहे. नद्यांच्या या ‘राष्ट्रीयीकरणा’विरुद्ध गोव्यात आंदोलने झाली ती सर्वांना ठाऊक आहेत. त्या गदारोळात एक बारीक मुद्दा मागे पडला. मांडवी राष्ट्रीय जलमार्ग झाली तरी तिच्यावरील फेरीबोटी चालवण्याची जबाबदारी राज्याकडेच राहिली. दिवाडीची बोट का बंद, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत मिळणार नाही.

दिल्लीतील यंत्रणा वेगळ्या कामाची आहे. खात्यांशी संलग्न स्थायी समित्यांची पद्धत संसदेत १९९३ साली सुरू झाली. २००४मध्ये त्यांची संख्या १७ वरून २४ झाली. परिवहन, पर्यटन व संस्कृती या विषयांची समिती राज्यसभेच्या अखत्यारीत काम करते. तिच्या ३१ सदस्यांपैकी २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे असतात. राष्ट्रीय जलमार्गांचे विधेयक २०१५ साली याच समितीकडे गेले होते. गोव्याचे संसदेतील सदस्य एकूण ३. त्यांपैकी एकही या समितीवर नाही, असे सहज घडू शकते.

सीमेवरच्या नद्यांचा प्रश्न याहून अवघड. गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामधून वाहणारी तेरेखोल असो, की तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याची महाराष्ट्राला लागून असलेली उत्तर सीमा आखणारी पैनगंगा असो, दोन्ही काठांवर मराठी बोलणारी माणसे राहतात. पैनगंगेच्या एका काठाचा कारभार हैदराबादकडे पाहतो, तर समोरच्या काठाचा मुंबईकडे. अशा नदीवर नाव चालवायची तर एका विधानसभेची समिती आपल्या काठापुरतेच विचारू शकते. मधल्या पाण्याचा हिशेब मागणारी दोन राज्यांची मिळून अशी विधिमंडळ समिती आपल्या व्यवस्थेत नाही.

राज्याच्या समित्यांत फेरीसेवेशी सर्वाधिक संबंध येतो तो लोकलेखा समितीचा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधानसभेपुढे मांडला जातो आणि तेथून तो या समितीकडे येतो. परिच्छेदनिहाय खुलासा खात्याला लेखी द्यावा लागतो. मग सचिव आणि खातेप्रमुख समितीपुढे बसतात. मंत्री या समितीचे सदस्य नसतात. संसदेत १९६७पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. सभागृहातील तारांकित प्रश्नाला काही मिनिटे मिळतात. समितीत एकाच मुद्द्यावर तासभर उलटतपासणी होऊ शकते. फेरीबोटीबाबत ती अशी असेल : ताफ्यातील किती बोटी एका वेळी पाण्यात होत्या आणि किती बेतीच्या कार्यशाळेत? एका बोटीचा दुरुस्तीतील सरासरी काळ किती? सुट्या भागांची मागणी कधी नोंदवली आणि ते कधी पोहोचले? सर्वेक्षण प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतर बोट चालवली गेली काय? नोंदवह्या समोर असल्या की अशा प्रश्नांना गुळमुळीत उत्तर देता येत नाही.

या समितीला एक मर्यादा आहे. धोरण बरोबर की चूक हे ती ठरवत नाही. धोरण राबवताना पैसा नीट खर्चला गेला का, एवढेच पाहते. गोव्याच्या पारंपरिक फेरीबोटींतून पादचारी आणि दुचाकीस्वार विनामूल्य जातात. हे धोरण आहे. २०२३च्या नोव्हेंबरपासून दुचाकींना १० रुपये आकारण्याचे आणि चारचाकींचे शुल्क वाढवून ४० रुपये करण्याचे ठरले, तेव्हा बेटांवरून विरोध झाला आणि सरकारला निर्णय थांबवावा लागला. तोही धोरणाचाच भाग. मात्र विनामूल्य सेवेचा एक दुष्परिणाम समितीच्या कक्षेत येतो. तिकीट नसले की प्रवाशांची रोजची नोंदही राहत नाही. किती माणसे वाहिली हे ठाऊक नसेल, तर दरडोई खर्च किती आणि गर्दीच्या वेळी आणखी एक बोट हवी होती की नव्हती, हे कशावरून सांगणार? सेवा विनामूल्य असावी, पण मोजदाद असावी, एवढे तरी समिती म्हणू शकते. याच्या एक पाऊल पुढे अंदाज समिती जाते. काटकसर व कार्यक्षमतेसाठी पर्यायी धोरण सुचवण्याची मुभा तिला असते.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे आश्वासन समिती पाहते. नागरिकांचे लेखी गाऱ्हाणे सभागृहामार्फत याचिका समितीकडे जाते. विशिष्ट विषयासाठी सभागृह समितीही नेमता येते. म्हादईप्रश्नी जानेवारी २०२३मध्ये अशी समिती नेमण्याचे ठरले. पुढे तिच्या बैठकाच होत नाहीत, अशी तक्रार विरोधकांनी वारंवार केली. समिती कागदावर असणे आणि ती बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब मागताना एक भान मात्र हवे. लेखापरीक्षणाच्या दृष्टीने धक्क्याला उभी राहिलेली जादा बोट म्हणजे वाया गेलेला खर्च. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामधील वाहतुकीचा भार पुन्हा फेरीबोटींवरच आला. पूल झाला म्हणून सगळ्या बोटी मोडीत काढल्या असत्या तर राजधानीचा उत्तर गोव्याशी जवळचा मार्गच उरला नसता. राखीव क्षमतेला किंमत असते. ती खर्चाच्या रकान्यात दिसते, लाभाच्या रकान्यात दिसत नाही.

केरळचा अनुभव गोव्याला जवळचा आहे. तेथील राज्य जलवाहतूक खाते १९६८पासून बोटी चालवते आणि विधानसभेत १९८०पासून विषयवार समित्या आहेत. खात्यांच्या मागण्या मतदानाला येण्याआधी या समित्या त्या तपासतात. म्हणजे पैसा खर्च होण्यापूर्वी प्रश्न विचारले जातात. गोव्यात मागण्यांवर सभागृहात कपात सूचना येतात, भाषणे होतात, परंतु तेथे अधिकाऱ्यांची समोरासमोर तपासणी होत नाही. समित्या असूनही केरळात २७ जुलै २००२ रोजी मुहम्मा–कुमरकम मार्गावरील सरकारी बोट बुडून २९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर न्यायालयीन आयोग नेमला गेला. बोटीची अवस्था, तिच्यावरील प्रवाशांची संख्या, प्रमाणपत्रे हे आयोगापुढे येणारे प्रश्न समितीलाही विचारता येतात, आणि तेही बोट धक्क्याला शाबूत उभी असताना.

स्कॉटलंडमधील प्रकरण पैशाचे आहे. तेथील बेटांसाठी दोन फेरींचे ९७ दशलक्ष पौंडांचे कंत्राट २०१५ साली एका जहाजबांधणी कारखान्याला देण्यात आले. २०१८पर्यंत त्या मिळायच्या होत्या. कारखाना दिवाळखोरीत गेला, सरकारने तो ताब्यात घेतला आणि पहिली बोट ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रवासी सेवेत आली ती जानेवारी २०२५मध्ये. मधल्या काळात स्कॉटिश संसदेच्या एका समितीने २०२०मध्ये खरेदी प्रक्रियेवर कठोर अहवाल दिला आणि सार्वजनिक लेखापरीक्षण समितीने २०२३मध्ये दुसरा. सर्वांत बोचणारा मुद्दा साधा होता. कारखान्याकडून परतफेडीची पूर्ण हमी मिळत नसतानाही कंत्राट पुढे नेण्याचा निर्णय मंत्र्यांनी कशाच्या आधारे घेतला, याची पुरेशी कागदपत्रे लेखापरीक्षकांना सापडली नव्हती. पैसे बुडाल्याच्या दुःखाइतकेच, निर्णयाचा कागद नसल्याचे दुःख त्या चर्चेत दिसते.

गोव्याला हे आता अधिक लागू आहे. जुलै २०२५मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर ‘गंगोत्री’ आणि ‘द्वारका’ या दोन रो-रो फेरीबोटी खासगी भागीदारीतून सुरू झाल्या. वाहने जास्त मावतात, वेळ वाचतो; डॉ. सलीम अली अभयारण्यामुळे येणाऱ्या पर्यटकांचीही सोय झाली. पण खाते स्वतः बोट चालवते तेव्हा इंधनाच्या पावतीपासून खलाशांच्या हजेरीपटापर्यंत सगळे सरकारी दप्तरात असते आणि लेखापरीक्षकांना ते मागवता येते. बोट खासगी आणि पैसा सरकारी झाला की काय मागवता येईल हे कंत्राटातील कलमे ठरवतात. फेरी रद्द झाल्यास दंड किती, बोटीच्या बिघाडाची नोंद खात्याला कोणत्या स्वरूपात मिळणार, मुदत संपल्यावर बोटी कोणाच्या, आणि ताफ्यातील जुन्या बोटी राखीव म्हणून ठेवल्या जाणार की लिलावात जाणार, हे समितीच्या टेबलावर येण्याजोगे पहिले चार कागद.