तुरुंगातला डॉक्टर कोणाच्या हाताखाली?

तुरुंगात दवाखाना असतो, डॉक्टर असतो, मग ओरड कशाची? असे आम्हाला हमखास विचारले जाते. विचारणाऱ्यांनी १८९४ चा कारागृह अधिनियम एकदा उघडावा. कलम ३९ प्रमाणे प्रत्येक तुरुंगात आजारी कैद्यांसाठी रुग्णालय किंवा योग्य जागा हवी. मान्य. पण कलम ३५ काय म्हणते? राबणाऱ्या कैद्याचे वजन पंधरवड्यातून एकदा तरी नोंदवा. कलम ५० आणखी उघड बोलते. फटके मारण्याआधी डॉक्टरने कैद्याला तपासायचे आणि तो सोसू शकेल असा दाखला द्यायचा! इंग्रजांना कैद्याची प्रकृती हवी होती ती कामासाठी आणि शिक्षेसाठी.

खरी मेख कलम १३ आणि ३७ मध्ये आहे. स्वच्छतेचा कारभार डॉक्टरकडे, पण अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली. कैद्याला दुखले तर त्याने पहाऱ्यावरच्याला सांगायचे, त्याने जेलरला, जेलरने वैद्यकीय कर्मचाऱ्याला. म्हणजे छातीत कळ आली तर ती खरी की खोटी, याचा पहिला निवाडा शिपाई करणार.

यात जात कुठे आली? संडासात आली. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलींनी स्वयंपाक 'योग्य' जातीकडे आणि मैला मेहतर कैद्याकडे सोपवला होता. कॉलरा, हगवण जिथून पसरते तिथे हात घालणारा माणूस जन्मावरून नेमलेला. आजाराचा धोकासुद्धा जातीने वाटला गेला. सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. संविधान लागू होऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता. तळोजा तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच, मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. कच्च्या कैद्यांची ही गत, आणि आपल्या तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन जण कच्चेच कैदी.

केंद्राने २०२३ मध्ये नवा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. कायद्याचे नाव बदलले तरी डॉक्टरचा वरिष्ठ कोण, हा प्रश्न उरतोच. नॉर्वेने १९८८ मध्ये, फ्रान्सने १९९४ मध्ये, इंग्लंडने २००६ मध्ये तुरुंगातली आरोग्यसेवा आरोग्य खात्याच्या यंत्रणेकडे दिली. आमची मागणी तेवढीच आहे: तुरुंगातला दवाखाना आरोग्य खात्याचा असावा, आणि कैद्याची तक्रार शिपायाला न विचारता थेट तिथे पोहोचावी.