पाटणकर बाजार : न उठलेला मुक्काम

ग्वाल्हेर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. मानसिंह तोमराचे मानमंदिर, तानसेनाची कबर, राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि शिंद्यांचा जयविलास राजवाडा एवढे पाहून आपली यात्रेकरू मंडळी आग्रा-मथुरेच्या गाडीला लागतात. मीही पहिल्यांदा तेच केले. पुढे पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा किल्ल्याच्या दक्षिणेला पसरलेल्या 'लष्कर' नावाच्या भागात पायी हिंडलो. महाराज बाड्यापासून जवळच पाटणकर बाजार आहे. इतर कोणत्याही उत्तर हिंदुस्थानी बाजारासारखाच तो गजबजलेला. दुकानदार हिंदी बोलणारे आणि गिऱ्हाईकही तसेच. मात्र नाव पाटणकर! कोयना-केरेच्या संगमावरचे, दातेगडाच्या पायथ्याचे पाटण तिथून हजार-बाराशे किलोमीटर दूर आहे. हे नाव इथवर कसे आले आणि ज्या गल्लीत मराठी क्वचितच कानी पडते तिथे ते टिकले कसे, हा प्रश्न मला किल्ल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटला.

लष्करातील वस्त्यांची नावे एकापुढे एक मांडून पाहावीत. कंपू, जिन्सी, शिंदे की छावनी, चिटनीस की गोठ, निंबाळकर की गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार, महाराज बाडा. हिंदी भाषकाला ही निव्वळ मोहल्ल्यांची नावे वाटतील. मराठी कानाला त्यांतून छावणीचा नकाशाच ऐकू येतो. कवायती पलटणींचा तो कंपू, तोफखान्याची ती जिन्सी. 'गोठ' म्हणजे जनावरांचा गोठा नव्हे, तो आपला 'गोट' आहे. सरदाराच्या पथकाचा तळ म्हणजे गोट. साताऱ्यात रामाचा गोट आजही आहे, आणि 'अमक्याच्या गोटातला माणूस' असे आपण राजकारणाच्या गप्पांत रोज म्हणतो. 'फालका' म्हणजे फाळके, 'बाडा' म्हणजे वाडा. उच्चार बदलले, 'ळ' हरवला, पाटणकरांचा 'ण' हिंदी जिभेवर 'न' झाला, पण नकाशा तसाच राहिला.

ही छावणी इथे का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे पाटील. उत्तरेत त्यांचे ठाणे प्रथम उज्जैनला होते. महादजींनी दिल्लीपर्यंत वचक बसवला, पण 1794 मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचा अंत झाला आणि दौलत तरुण दौलतरावांकडे आली. 1803 मध्ये असई आणि लासवारीच्या लढायांत शिंद्यांचे सैन्य मोडले. सुर्जी-अंजनगावच्या तहाने गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख गेला. 1804 मध्ये ग्वाल्हेरचा किल्लाही इंग्रजांनी घेतला. नोव्हेंबर 1805 च्या नव्या तहाने किल्ला आणि गोहद शिंद्यांना परत मिळाले, पण चंबळ ही सरहद्द ठरली. ज्यांचे घोडे कधी यमुनेचे पाणी पीत, त्यांच्यापुढे आता दोन-तीन मजलांवर सीमारेषा आली. ग्वाल्हेर सरहद्दीचे गाव झाले ते असे. 1810 मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला मुक्काम केला आणि तो मुक्काम पुन्हा उठला नाही. लोक त्याला लष्करच म्हणत राहिले आणि तेच शहराचे नाव पडले.

हे लष्कर चालते-फिरते असताना कसे होते, याचे वर्णन एका इंग्रजाने लिहून ठेवले आहे. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीचा अधिकारी. 1809 मध्ये तो दौलतरावांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. त्याची पत्रे 1813 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मराठ्यांविषयी त्याच्या मनात आढी आहे, ती ओळखूनच ती वाचावी लागतात. परंतु छावणीच्या मांडणीविषयी तो जे सांगतो ते मोलाचे आहे. कूच असेल त्या दिवशी बिनीवाला पुढे जाऊन एक पांढरे निशाण रोवी. ती महाराजांच्या डेऱ्यांची, म्हणजे देवडीची जागा. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे लागत, आणि ती एकमेकांच्या मानाने नेहमी ठरलेल्या जागीच लागत. दुकानांच्या दोन समांतर रांगांचा एक लांबच लांब रस्ता तयार होई. कधी कधी तो तीन-चार मैल भरे. सरदार या रस्त्याच्या उजव्या-डाव्या हातांना, बहुधा कुठल्या ना कुठल्या बाजाराला धरून आपले गोट टाकीत.

हे वाचले आणि लष्करातील नावांचे कोडे मला उलगडल्यासारखे झाले. मुलूख रोज बदले, पण बाजाराचा क्रम बदलत नसे. शिपायाला आज आपण अजमेरजवळ आहोत की आणखी कुठे, हे कदाचित ठाऊक नसेल. पण वाणी कुठे बसतो, सराफ कुठे आणि आपल्या सरदाराचा गोट कोणत्या हाताला, हे डोळे मिटून सांगता येत असेल. गाव नसलेल्या माणसांचे ते गाव होते. 1810 नंतर तंबूंच्या जागी भिंती आल्या, निशाणांच्या जागी नावे आली. सरदारांच्या नावाचे बाजार आणि गोट ही त्या जुन्या रिवाजाची दगडविटांत बसलेली खूण आहे, असे माझे मत झाले आहे. पाटणकर बाजाराकडे मी त्याच नजरेने पाहतो.

आता या छावणीचे धागे आपल्या दिशेने कुठवर येतात ते पाहू. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई कागलच्या घाटग्यांची लेक. दौलतरावांच्या मृत्यूनंतर 1827 ते 1833 पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी चालवला. सावकारीचे व्यवहारही त्या स्वतः जातीने पाहत. दत्तकपुत्राशी बेबनाव होऊन त्यांना राज्य सोडावे लागले. त्या दिवसांत फतेगडला फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांना भेटली. मडमा दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून घोड्यावर बसतात, याचे बायजाबाईंच्या मंडळींना हसू आले. शेवटी पार्क्सबाईंनीच मराठी पोशाख करून मराठी बैठक मारली! निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेत लागणाऱ्या कागलची ही लेक, पण आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असते?

दुसरा धागा याहून जवळचा. महादजींची कन्या बाळाबाई शितोळ्यांच्या घरी दिली होती. शितोळे सरकार म्हणजे चिकोडी तालुक्यातील, कृष्णाकाठच्या अंकलीचे. माउलींच्या पालखीपुढे चालणारा घोडा दर ज्येष्ठात याच अंकलीहून आळंदीला निघतो. आळंदीचा आजचा पालखी सोहळा 1830 च्या सुमारास ज्यांनी उभा केला ते हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते, असे परंपरा सांगते. शितोळे सरकारांनी त्यांना घोडे दिले, तंबू दिले. आळंदीच्या महाद्वारातील हैबतबाबांच्या पायरीवर माथा टेकून वारकरी आत जातात.

आता वारीची शिस्त आठवावी. कर्णा झाला की पालखी हलते. रथापुढच्या दिंड्या पुढे, मागच्या मागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, तळावरच्या जागा ठरलेल्या. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. गाव रोज बदलते, क्रम बदलत नाही. ब्रॉटनने वर्णिलेल्या छावणीचीच ही रीत नव्हे काय? दौलतरावांच्या लष्कराने मागे दोन वारस ठेवले असे मला वाटते. एक चंबळेच्या अलीकडे शहर होऊन थांबला. दुसरा शस्त्रे खाली ठेवून, हाती टाळ घेऊन अजून दरवर्षी चालतो आहे. त्या दुसऱ्या वारसाचा घोडा आज कर्नाटकात असलेल्या गावातून येतो, आणि त्याला सीमेवर कोणी अडवीत नाही.

लष्कराची पुढची हकीकत सरळ नाही. 29 डिसेंबर 1843 रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पन्यार अशा दोन ठिकाणी शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पुढच्या महिन्यातील तहाने सैन्य 9,000 वर आणले गेले. ज्या सैन्यासाठी बाजार वसला होता ते सैन्यच आटले, पण बाजार उरला. 1858 च्या जूनमध्ये लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर चालून आले. जयाजीरावांची बहुतेक फौज त्यांना मिळाली आणि महाराज आग्र्याला गेले. इंग्रजांशी झुंजताना राणी पडली आणि 20 जूनला किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. तो शिंद्यांना परत मिळाला 1886 मध्ये. हा प्रसंग सांगताना आपण राणीचे शौर्य गातो आणि तिथेच थांबतो. पण त्या जूनमध्ये दोन्ही बाजूंना मराठी माणसे होती. एकच भाषा बोलणारे सगळे एकाच पक्षात असतात, हा समज सरहद्दीवरच्या गावांत फार काळ टिकत नाही.

तलवार मागे पडली तेव्हा गाणे पुढे आले. हस्सू खाँ-हद्दू खाँ या बंधूंनी ग्वाल्हेर दरबारात ख्याल गायकीला घाट दिला. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आली. त्यांच्यापाशी राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती आत्मसात केली आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात आणली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेले कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे पहा, मुसलमान उस्तादांची हिंदी-ब्रज शब्दांची चीज मराठी शिष्याने उचलली, कानडी मुलखाच्या उंबरठ्यावर रुजवली आणि तिथून ती पंजाबात गेली! तिकडे ग्वाल्हेरातही कृष्णराव शंकर पंडित, राजाभैया पूछवाले अशा मराठी घरांनी ती जपली. 1918 मध्ये भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे माधव संगीत विद्यालय निघाले. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला 'संगीताचे शहर' म्हणून मान दिला, त्यात इचलकरंजी-मिरजेच्या वाटेने गेलेल्या सुरांचाही वाटा आहे, असे मानावयास हरकत नसावी.

आणि भाषा? भा. रा. तांबे 1873 मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीस जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि 1941 मध्ये तिथेच वारले. त्यांची गीते घरोघर गायली जातात, पण त्यांच्या कवितेतील उत्तरेचा गारवा कुठून आला याचा विचार आपण करीत नाही. त्याच संस्थानातील श्योपूरला 1917 मध्ये गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. घरची भाषा मराठी, पण ते हिंदीचे श्रेष्ठ कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील मान्यवर कवी आणि कादंबरीकार. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषा समृद्ध केल्या. आपल्याकडे धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडचे वरकवी झाले. या घरांनी काही गमावले असे कोण म्हणेल?

तरीही मनाला एक टोचणी लागतेच. राज्यकर्ते मराठी, सरदार मराठी, पुजारी-कीर्तनकार मराठी असूनही ग्वाल्हेरच्या बाजाराची भाषा मराठी झाली नाही. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आधारही गेला. मराठी उरली ती घरात, देवघरात, गाण्याच्या बैठकीत आणि गल्ल्यांच्या नावांत. सत्तेने भाषा मुलखात नेली, पण ती टिकवली घरांनी. सीमाभागात आपण फलकावरच्या अक्षरांसाठी आयुष्ये वेचली. तो हक्क सोडावा असे मी म्हणणार नाही. परंतु लष्करातील फलकांवर पाटणकरांचे नाव तर आहेच. ते वाचून ज्याच्या मनात पाटण उभे राहील असा माणूस नसेल, तर त्या नावाचा उपयोग काय? फलक मागून मिळतो, आठवण मात्र घरातल्या मोठ्यांनी मुलांना द्यावी लागते.

म्हणून दोन लहानशा गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कोणी ग्वाल्हेरला गेलात, तर किल्ला उतरल्यावर तासभर लष्करातही घालवावा आणि मुलांना गोट, जिन्सी, कंपू यांचे अर्थ सांगावेत. आणि आपल्या गावच्या गल्ल्या, पेठा, वेशी, विहिरी यांची जुनी नावे, मराठी असोत, कानडी असोत की उर्दू, म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत उतरवून ठेवावीत. पाटणकर बाजाराची वाट मला ब्रॉटनच्या पत्रांमुळे सापडली. आपल्या गल्लीची वाट पुढे कुणाला शोधावीशी वाटली, तर ती सापडावी आपल्याच घरच्या वहीत.