चित्रकलेचा तास : कावी, चित्रकथी, संजा आणि मातीचा किल्ला

पाचवी ते आठवीच्या वर्गात चित्रकलेचा तास म्हटला की एक चित्र हमखास दिसते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. बेळगावातल्या मुलाच्या वहीत तेच, फोंड्यातल्या मुलीच्या वहीत तेच आणि इंदूरच्या वहीतही तेच. शिक्षक फळ्यावर काढतात, मुले खाली उतरवून घेतात, तास संपतो. यात हात वळतो हे खरे, पण डोके कुठेच लागत नाही. सहावी-सातवीच्या वयात मुलाला 'माझं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही' असे वाटायला लागते आणि नेमके याच वयात बरीच मुले चित्रे काढणे सोडून देतात. म्हणून या तीन-चार वर्षांत वर्गात काय करून घेतले जाते, याला महत्त्व आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मूल शाळेत कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असते आणि भाषेच्या पेपरात अडखळते. चित्रकलेच्या तासाला ती अडचण सगळ्यात कमी असते. शेजारच्या राज्यातली कला आणि घरातली परंपरा एकाच कागदावर येऊ शकते. त्यासाठी महागडे सामानही लागत नाही. खाली दिलेले बहुतेक उपक्रम गेरू, डिंक, पुठ्ठा, माती आणि जुन्या वर्तमानपत्रांवर भागतात.

गेरू आणि पांढरा : कावी

गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार-कुमठ्याच्या पट्ट्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर लाल-पांढरी नक्षी दिसते, ती कावी. 'काव' म्हणजे जांभ्या मातीतून मिळणारा तांबडा रंग. रंग हा एकच, दुसरा गिलाव्याचा पांढरा. शिंपले भाजून केलेला चुना, धुतलेली बारीक वाळू आणि गूळ एकत्र करून काही दिवस मुरवायचे, कुटायचे आणि भिंतीला लावायचे. त्यावर काव चढवायची आणि थर ओला आहे तोवर टोकदार लोखंडी हत्याराने कोरून खालचा पांढरा बाहेर काढायचा. पेडण्याकडच्या मोरजी गावातले मोरजाईचे देऊळ यासाठी ओळखले जाते. उत्तर कन्नडमधल्या कावीची नोंद कन्नड लेखक कृष्णानंद कामत यांनी करून ठेवली. नवे बांधकाम सिमेंटचे झाले, जुन्या भिंतींवर ऑइलपेंट बसला आणि बऱ्याच ठिकाणी ही नक्षी कायमची गेली.

वर्गात खरा चुना आणू नये. डोळ्यात गेला तर इजा होते आणि हातही भाजतात. त्याऐवजी बाइंडिंगचा जाड पुठ्ठा घ्यावा. खडूची भुकटी किंवा व्हायटिंग पावडर, पाणी आणि थोडा फेव्हिकॉल असे इडलीच्या पिठाएवढे दाट मिश्रण करून ब्रशने दोन हात मारावेत. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही एक हात मारावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे पुठ्ठे पापडासारखे वाकलेले सापडतात. हे थर रात्रभर वाळू द्यायचे. मग गेरूत थोडा डिंक कालवून एकसारखा थर द्यायचा. बोटाला रंग लागत नाही पण स्पर्शाला गारवा जाणवतो, ती कोरायची वेळ. पूर्ण वाळला की गेरूचे कपचे उडतात आणि फार ओला असला तर रेघ भरून येते. हत्यार म्हणून संपलेली रिफिल, बोथट केलेला खिळा, तुटक्या कंगव्याचा दात, काहीही चालते. कर्कटकाचे टोक शक्यतो टाळावे, ते पुठ्ठ्यातून आरपार जाते.

इथे वेळापत्रकाचा हिशेब महत्त्वाचा. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासात गेरू लावणे आणि कोरणे दोन्ही बसत नाही. दुसऱ्या शिक्षकांशी बोलून जोडतास मागून घेतला तरच हा उपक्रम जमतो.

नक्षी कसली काढायची? कावीतली वर्तुळातली फुले कंपासने निघतात. वर्तुळ काढायचे, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर टोक टेकवत जायचे. बरोबर सहा पावलांत फेरी पूर्ण होते आणि सहा पाकळ्यांचे फूल तयार होते. त्रिज्येने परिघाचे सहा समान भाग होतात, हे गणिताच्या तासाला पाठ करून घ्यावे लागते, इथे मुले स्वतःच्या हाताने बघतात. पुढचा प्रश्न मात्र शिक्षकाने विचारायला हवा : कोणता भाग लाल ठेवायचा आणि कोणता खरवडायचा? पेन्सिलने रेघा ओढणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच रिकाम्या जागेचा विचार करावा लागतो. खोडरबर इथे चालत नाही. चुकले तर त्या चुकीचेच काहीतरी करावे लागते, आणि वर्गातली सगळ्यात चांगली चित्रे बऱ्याचदा तिथून निघतात.

चित्रांची पोथी

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने लावलेली असतात. एका कथेच्या अशा संचाला पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, गातो, सांगतो आणि पुढचे काढतो. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा कोकणाबाहेर बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. याच गावात चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्याही आहेत.

शाळेत रामायण-महाभारत उतरवून घेण्यापेक्षा मुलांनी स्वतःची पोथी करावी. चार-पाच जणांचा गट, आठ किंवा दहा चित्रे, विषय घराजवळचा : आठवड्याचा बाजार, पुराच्या वेळचे दोन दिवस, आजी लग्न होऊन या गावात आली तो प्रवास. सीमाभागात हा शेवटचा विषय फार चालतो. जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी दुसऱ्या भाषेच्या गावातून आलेले असते आणि मुलांना ते सांगावेसे वाटते. अट एकच : चित्राखाली काही लिहायचे नाही, सांगायचे तोंडाने. मग आपोआप कळते की माणसाचा हात कुठे आहे, तो कुणाकडे बघतोय, हे चित्रात स्पष्ट असल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. चित्रकथीतले चेहरे बाजूने आणि डोळे मोठे का, याचे उत्तरही त्यातच मिळते. मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसायला हवे ना!

हैदराबादकडच्या मराठी मुलांना यासाठी पिंगुळीपर्यंत यायची गरज नाही. तेलंगणातल्या चेरियालची गुंडाळी चित्रे हा त्याच कुळातला प्रकार. लांबच लांब कापडावर एकाखाली एक प्रसंग असतात आणि कथेकरी ते उलगडत जातो. चेरियालचे मुखवटेही नारळाच्या करवंटीवर, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने करतात. मुखवट्याचा हा उपक्रम कुठल्याही शाळेत होतो. चिंचोके भाजायचे, साले काढून भिजवायचे, वाटून शिजवायचे. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, शाळेत अजिबात घालू नये. मुखवटे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवले की पुरते. पावसाळ्यात हा उपक्रम काढणाऱ्याच्या पदरी बुरशीच पडते.

मातीचा किल्ला

दिवाळीत किल्ला करायची हौस बेळगावात कोल्हापूर-पुण्यापेक्षा कणभरही कमी नाही. गल्लीगल्लीत माती, दगड, गोणपाट गोळा होते, वर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवली जाते. शाळेला सुटी असल्याने हे सगळे शाळेबाहेर होते. सुटी लागण्याआधी महिनाभर त्याची तयारी वर्गात करता येते.

सातवीच्या वर्गाने आधी नकाशा काढावा. राजगड घेतला तर बालेकिल्ला मधोमध आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना. कागदावर प्रमाण ठरवायचे, मग पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून उंची दाखवायची. भूगोलातल्या समोच्चरेषा म्हणजे काय, हे पुठ्ठ्याची चौथी पातळी कापताना न शिकवता समजते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत आहे. गट पाडून एकेक किल्ला वाटून देता येतो. पण जवळचा किल्ला असेल तर तोच घ्यावा. बेळगावच्या मुलांना येळ्ळूरचा राजहंसगड प्रत्यक्ष बघून, चालून, कागदावर टिपून आणता येतो. विकतच्या प्लास्टरच्या मावळ्यांनी किल्ला भरला की प्रदर्शन दिसते छान, पण मुलांचे काम किती आणि दुकानदाराचे किती, हा प्रश्न उरतो. चिखलाचे वेडेवाकडे मावळे चालतील.

गोव्यात चवथीच्या सुमारास माटोळी हा असाच हाताशी असलेला विषय आहे. गणपतीवर बांधलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारी, चिबूड, दोडका आणि किती तरी रानफळे लटकतात. वस्तुचित्रासाठी वर्गात तोच तो पेला आणि तोच तो कांदा मांडण्यापेक्षा मुलांना माटोळीतली तीन फळे बघून काढायला सांगावीत. नावे घरी विचारून यायची. कोकणी नाव, मराठी नाव दोन्ही.

संजा आणि अक्षरे

माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा काढतात आणि फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. रोज वेगळी आकृती : पंचमीला पाच कुंवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचे फूल, आणि शेवटी किलाकोट. इंदूर-देवासच्या मराठी घरांतल्या मुलींनी ती शेजारणींकडून शिकली. खानदेशातल्या गुलाबाईशी तिचे नाते जुळणारे. वर्गात शेणाऐवजी कागदाचा लगदा घेतला तरी चालतो. मात्र तयार आकृती फळ्यावर काढून देऊ नये, तिथी आणि संख्या तेवढी सांगावी.

इंदूरचा विषय निघाला की दत्तात्रय देवळालीकरांचे नाव येतेच. १९२७ मध्ये त्यांनी तिथे कलाशाळा सुरू केली, आणि ना. श्री. बेंद्रे व म. फि. हुसेन हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. बेंद्रे पुढे १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवू लागले. बडोद्याच्या शाळांना तर कीर्तिमंदिरच आहे. गायकवाडांच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी भिंतींवर गंगावतरण, मीराबाई, महाभारत युद्ध आणि नटीर पूजा रंगवली. मुलांना नेऊन एका भिंतीपुढे अर्धा तास बसवले तरी पुरे. बेळगावचे म्हणायचे तर चित्रकार रवी परांजपे इथलेच आणि के. बी. कुलकर्णी हे त्यांचे गुरू.

अक्षरांचा उपक्रम सोपा आणि स्वस्त. आपले नाव दोन लिप्यांत, एकाच चौकटीत बसवायचे. देवनागरीला वरची शिरोरेघ आहे. कन्नड आणि तेलुगू अक्षरे गोल, डोक्यावर तलकट्टू. गुजरातीला शिरोरेघच नाही. एका रेघेवर टांगलेली अक्षरे आणि सुटी बसलेली गोल अक्षरे शेजारी कशी नांदवायची, हा चांगला संकल्पचित्राचा प्रश्न आहे. पाट्यांचे भांडण मोठ्यांचे, मुलांना त्यात फक्त आकार दिसतात.

परीक्षा, गुण आणि वारली

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, कर्नाटकात लोअर आणि हायर. या ग्रेड परीक्षांची तयारी हेच बऱ्याच शाळांत चित्रकलेचे काम होऊन बसते. परीक्षा वाईट नाहीत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची शिस्त त्यातून लागते. अडचण होते ती पाठ केलेल्या स्मरणचित्रांची : 'बाजार', 'पतंग उडवणारी मुले', 'बसथांबा' अशी पाच-सहा चित्रे घोकून जायची. ज्याने बाजारावर पोथी केली आहे त्याला घोकावे लागत नाही.

वारलीचेही तसेच झाले आहे. लग्नघरी सवासिनींनी भिंतीवर काढायचा चौक जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणून जगभर नेला. आज शाळेच्या प्रत्येक कंपाउंड वॉलवर तारप्याभोवतीचा तोच फेर असतो, म्हणजे डोंगर-सूर्याच्या जागी नवा छापा आला एवढेच. दोन त्रिकोणांचे माणूस शिकवावे आणि मग म्हणावे, तुमच्या गल्लीत सकाळी सात वाजता काय चालते ते काढा. दूधवाला, नळावरची रांग, रिक्षा. तारपा नको.

गुण देताना सुबकपणा एकच धरला तर ज्याचा हात आधीच चांगला आहे तोच दरवर्षी पहिला येतो. कल्पना कुणाची, सामान कसे वापरले, चुकल्यावर काय केले, गटात काम कसे झाले, यालाही गुण ठेवावेत. त्यासाठी प्रत्येक मुलाकडून कच्ची चित्रे मागून घ्यायची. पालकांनी किंवा क्लासवाल्यांनी करून दिलेले काम त्यावरून लगेच ओळखू येते.

ठेवायला जागा नसते ही सगळ्या शाळांची रड. कावीचे पुठ्ठे उभे, मधे वर्तमानपत्र घालून ठेवावेत, पोथ्या वाचनालयाच्या कपाटात मावतात. किल्ल्याची माती तुळशीच्या लग्नानंतर शाळेच्या बागेत टाकली की जागा मोकळी होते.